विद्युत् वितरणातील प्रज्योत दोष व त्यांचे अभिज्ञान : वऱ्हाडच्या संदर्भात

दोन संवाहकांमधील किंवा संवाहक व जमीन यांमधील हवा, तेल वा अन्य निरोधक माध्यम फुटून त्यातून विद्युत् प्रवाह वाहू लागतो व त्या मार्गातील वायू आयनीभूत होऊन प्रखर तेजाने जळत राहतो, तेव्हा विद्युत् प्रज्योत निर्माण होते. वितळजोडकामाच्या यंत्रात किंवा पोलादाच्या भट्टीत ती हेतुतः उत्पन्न केली जाते. तीच तारमार्गावर, रोहित्रात, स्विचगिअरच्या पेटीत अथवा घरातील सैल जोडात अनाहूत उद्‌भवली, तर तिला प्रज्योत दोष म्हणतात. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत तिला बोलभाषेत ‘जाळ होणे’ किंवा ‘ठिणग्या पडणे’ म्हणतात आणि वर्तमानपत्री भाषेत सरसकट ‘शॉर्ट सर्किट’ म्हणतात. यांपैकी शेवटचा शब्द दिशाभूल करणारा आहे.

शॉर्ट सर्किट म्हणजेच मंडल संक्षेप होय. यात धातूचा धातूशी थेट संपर्क येतो, प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या अनेक पट होतो आणि वितळतार वितळते किंवा मंडल खंडक उघडतो. असा दोष ओळखणे सोपे असते, कारण तो प्रवाहाच्या राशीवरून कळतो. प्रज्योत हा मात्र स्वतःच एक रोध असतो. ती ज्या जागी पेटते तेथील माती, लाकूड, गंजलेला पृष्ठभाग किंवा तिच्यासह एकसरीत जोडलेला भार यांमुळे प्रवाह आणखी मर्यादित होतो. परिणामी प्रज्योतीच्या गाभ्यात हजारो अंश तापमान असूनही मंडलातील प्रवाह नेहमीच्या भारापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रत्यावर्ती पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. दर वेळी प्रज्योत विझू पाहते आणि दाब पुरेसा वाढताच पुन्हा पेटते. प्रवाह किती आहे एवढेच मोजणाऱ्या उपकरणाला यातले काहीही दिसत नाही. म्हणून प्रज्योत तिच्या स्वतःच्या लक्षणांवरून, म्हणजे वायू, प्रकाश, ध्वनी व प्रवाहाचे विस्कटलेले तरंगरूप यांवरून ओळखावी लागते. हे तंत्रज्ञांच्या ध्यानात यायला शतकाहून अधिक काळ लागला.

इतिहास : रशियन भौतिकीविज्ञ प्येत्रॉव्ह यांनी १८०२ मध्ये व त्यानंतर थोड्याच वर्षांत सर हंफ्री डेव्ही यांनी कार्बनाच्या दोन टोकांमधील प्रज्योतीचे प्रयोग केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यांवरील प्रज्योत दिवे प्रचारात आले आणि प्रज्योतीचा पहिला सखोल अभ्यास या दिव्यांच्या निमित्तानेच झाला. हर्था एअर्टन या ब्रिटिश विदुषींनी प्रज्योत फुत्कारू का लागते याचा शोध घेतला. कार्बनाच्या खळग्यात हवेतील ऑक्सिजन शिरल्यामुळे तो आवाज होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा द इलेक्ट्रिक आर्क हा ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज हा दोष नसून प्रज्योतीच्या अवस्थेची खूण आहे, हे यातून स्पष्ट झाले. दोषशोधनाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती, पण वीज कंपन्यांनी तिचा उपयोग फार उशिरा केला.

वितरणाचा व्याप वाढला तेव्हा प्रथम भर पडला तो प्रवाहाच्या राशीवरच. चार्ल्स मेर्ट्‌स व बर्नार्ड प्राइस यांनी १९०४ च्या सुमारास विभेदी संरक्षणाची पद्धत काढली. उपकरणात शिरणारा व बाहेर पडणारा प्रवाह यांची तुलना करून फरक पडताच पुरवठा तोडावयाचा, असे तिचे तत्त्व आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन अभियंते वाल्डेमार पेटर्सन यांनी रोहित्राचा उदासीन बिंदू व जमीन यांमध्ये योग्य मूल्याचे वेटोळे घालून जमिनीकडे जाणारी प्रज्योत आपोआप विझविण्याचा मार्ग दाखविला. अमेरिकेत पीटर्स व स्लेपियन यांनी अशा विझत-पेटत राहणाऱ्या प्रज्योतीमुळे दाब कसा चढत जातो याचा सिद्धांत १९२३ मध्ये मांडला. तथापि प्रज्योतीच्या लक्षणावर थेट बोट ठेवणारे व्यवहारोपयोगी पहिले साधन म्हणून माक्स बुखहोल्ट्‌स यांच्या १९२१ मधील वायुअभिचालित्राचाच निर्देश केला पाहिजे. तेलाच्या रोहित्रात प्रज्योत पेटली की तेलाचे विघटन होऊन बुडबुडे निघतात. टाकी व वरची तेलकुंडी यांच्यामधील नळीत बसविलेल्या छोट्या पेटीत ते साठतात, तरंगक खाली जातो व घंटा वाजते. मोठी प्रज्योत असेल, तर तेलाचा लोंढा दुसरा तरंगक उलथवून पुरवठाच बंद करतो. ज्याला सर्वसामान्यतः रिले म्हणतात त्या अभिचालित्रांच्या कुळात इतके साधे व इतके विश्वासू दुसरे साधन झाले नाही. शंभर वर्षांनंतरही ते रोहित्रांवर बसविले जाते.

वऱ्हाडातील विद्युत् जाल : स्वातंत्र्यपूर्व काळात वऱ्हाडातील वीज मोठ्या गावांपुरती होती व ती परवानाधारक खाजगी कंपन्यांकडून स्थानिक जनित्रांवर मिळे. १९४८ च्या विद्युत् पुरवठा अधिनियमानंतर राज्य मंडळांचे युग सुरू झाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक केंद्राचा ३० मेगॅवॉटचा पहिला संच १९६१ मध्ये व दुसरा मोठा संच १९६७ मध्ये चालू झाला. हे दोन्ही संच आता बंद झाले असून त्यांच्या जागी २०० मेगॅवॉटहून मोठे दोन नवे संच २००८ व २०१० मध्ये आले. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर खेडोपाडी तारा पोहोचल्या. पुढे २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम स्वतंत्र कंपनीकडे गेले व तिची अकोला आणि अमरावती अशी दोन परिमंडले वऱ्हाडचा कारभार पाहू लागली.

या जालाची घडण दोषशोधनाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयास हवी. ३३ किलोव्होल्टच्या तारमार्गाने वीज उपकेंद्रात येते, तेथे तिचा दाब ११ किलोव्होल्टवर उतरविला जातो, आणि तेथून निघणारे फीडर कित्येक किलोमीटर शेतांतून, नाले ओलांडून, बाभळींच्या अंगाला घासत गावोगावच्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या रोहित्रांपर्यंत जातात. तारा पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्या असतात. तांबे महाग व आयात करावे लागत असल्याने ॲल्युमिनियम आले हे खरे. परंतु त्याबरोबर जोडांचे दुखणेही आले. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा कठीण थर बसतो व दाबाखाली तो धातू सरकत राहतो. मे महिन्यात अकोल्यास पारा ४५° से.च्या वर जातो आणि हिवाळ्यात पहाटे तो १०° से.च्या आसपास उतरतो. या चढउताराने जोड वर्षानुवर्षे किंचित सैल होत जातात. सैल जोड तापतो, तापलेला जोड ठिणग्या टाकतो आणि अखेर तार तेथेच तुटते.

तुटलेली तार : वितरणातील प्रज्योत दोषांचा सर्वांत जीवघेणा प्रकार म्हणजे जिवंत तार तुटून जमिनीवर पडणे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ९१ व्या नियमाने रस्ता, सार्वजनिक जागा, कारखाना किंवा ग्राहकाची जागा यांवरून जाणारी उघडी तार तुटल्यास ती निरुपद्रवी होईल, अशी विद्युत् निरीक्षकाने मान्य केलेली योजना प्रत्येक तारमार्गाला असली पाहिजे असे बंधन घातले. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षा विनियमांतही ते कायम राहिले. प्रत्यक्षात ही योजना म्हणजे रस्त्यावरच्या तारांखाली बांधलेली पाळण्यासारखी जाळी आणि उपकेंद्रातील भूदोष अभिचालित्र. नियमात शेताचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि तार सर्वाधिक लांबी पार करते ती शेतांतूनच.

नियमाने मागितलेली गोष्ट आणि अभिचालित्राला जमणारी गोष्ट यांतील अंतर साध्या गणिताने कळते. ११ किलोव्होल्टच्या त्रिकला पद्धतीत एक तार व जमीन यांमधील दाब सु. ६,३५० व्होल्ट असतो. तार व माती यांच्या संपर्काचा रोध ६०० ओहम धरला, तर प्रवाह येतो १० अँपिअरच्या जवळपास. त्या जागी साठहून अधिक किलोवॉट उष्णता निर्माण होत असते, पाच अश्वशक्तीचे सतरा पंप चालतील इतकी. पण फीडरवर तीसपस्तीस कृषिपंप एकदम सुरू झाले तरी प्रवाह साधारण तितकाच वाढतो. शे-दीडशे अँपिअर भार वाहणाऱ्या फीडरच्या अतिप्रवाह अभिचालित्राने या दोघांतला भेद कसा ओळखावा? भूदोष अभिचालित्र याहून तरबेज असते. पण २०० अँपिअरच्या प्रवाहरोहित्रावर २० टक्के मूल्य लावलेले अभिचालित्रही ४० अँपिअरखाली हलत नाही.

अमेरिकेत सु. १२.५ किलोव्होल्टच्या तारा मुद्दाम जमिनीवर टाकून मोजमापे घेण्यात आली. कोरडी वाळू व कोरडे डांबर यांवर प्रवाह जवळजवळ शून्य, ओल्या वाळूवर सु. १५ अँपिअर, कोरड्या हिरवळीच्या थरावर २०, कोरड्या गवतावर २५, ओल्या गवतावर ५० आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटवर ७५ अँपिअर असे आकडे त्या चाचण्यांतून रूढ झाले. वऱ्हाडच्या काळ्या कपाशीच्या जमिनीचा स्वभाव यावरून ताडता येतो. ही माती ओली असताना उत्तम वाहक असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात क्षारांमुळे तर ती अधिकच वाहक होते; मात्र तेच क्षार भूसंपर्काच्या, म्हणजे अर्थिंगच्या, पट्ट्या गंजवितात. उन्हाळ्यात मात्र जमीन भेगाळते, वरचा थर भुकटीसारखा कोरडा होतो आणि ओल खोल जाते. पडलेली तार ओलीपर्यंत पोहोचत नाही. ती वरच्या कोरड्या ढेकळांवर, पऱ्हाटीच्या काटक्यांवर किंवा धुऱ्यावरच्या वाळक्या गवतावर अडकून राहते. मृगापूर्वीच्या वादळात आधी वारा येतो, पाऊस मागाहून. म्हणजे तारा तुटण्याची आणि माती अत्यंत कोरडी असण्याची वेळ नेमकी एकच असते. पाऊस आल्यावर तीच माती वाहक होते व अभिचालित्र चालते; तोवर तारेजवळ कोणी गेलेले असू शकते. गुरांना याचा धोका माणसांहून जास्त, कारण पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने त्यांच्या शरीरावर येणारा पावलांमधील दाबही अधिक असतो आणि प्रवाहाचा मार्ग छातीतून जातो.

आणखी एक बारकावा अनेकदा नजरेआड होतो. तार तुटल्यावर तिची दोन टोके पडतात. उपकेंद्राकडचे टोक खांबावर लटकत राहिले व भाराकडचे टोक जमिनीला लागले, तर ते टोक मृत आहे असे पाहणाऱ्यास वाटते. पण पुढील रोहित्रांच्या वेटोळ्यांतून उरलेल्या दोन तारांची वीज त्यात उलट शिरते. हा प्रवाह आणखी अल्प असल्याने कोणत्याही अभिचालित्राच्या दृष्टीस पडत नाही, आणि मनुष्य मारण्यास मात्र तो पुरेसा असतो.

अशा अपघाताची जबाबदारी कोणाची, यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००२ रोजी मध्य प्रदेशातील एका खटल्यात निर्णय दिला. ऑगस्ट १९९७ मध्ये पावसाने पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे एक सायकलस्वार मरण पावला होता. एका इसमाने वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती, असा मंडळाचा बचाव होता. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर तिच्या परिणामांची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध न होताही येते, हे तत्त्व लावून न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. ‘तार पडली हे उपकेंद्राला कळावे कसे’ हा तांत्रिक प्रश्न होता तेथेच राहिला.

तरंगरूपावरून अभिज्ञान : १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सस ए अँड एम विद्यापीठात बी. डॉन रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहाची राशी सोडून त्याचे रूप अभ्यासण्यास प्रारंभ केला. मातीतील प्रज्योत शून्याच्या आसपास क्षणभर विझते, म्हणून प्रवाहाच्या तरंगाला तेथे सपाट खांदे येतात व विषम हरात्मके, विशेषतः तिसरे, वाढतात. मातीतील वाळूचे कण वितळून काच होते, ओल वाफ होऊन उडते, तार थरथरते. त्यामुळे एका आवर्तनाचे रूप दुसऱ्याशी जुळत नाही आणि धन व ऋण अर्धे सारखे राहत नाहीत. ही अस्थिरता हीच प्रज्योतीची खूण होय. पंप किंवा वितळजोडकामाचे यंत्र हरात्मके निर्माण करते, पण ती बहुधा एका ठराविक पद्धतीने. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर ही परीक्षा अभिचालित्रातच करणे शक्य झाले व १९९० नंतरच्या दशकात अशी उपकरणे बाजारात आली. ती सर्व दोष पकडतात असा दावा त्यांचे कर्तेही करीत नाहीत. डांबरावर निपचित पडलेली तार प्रज्योतच करीत नसेल, तर ओळखायचे काय?

येथे अमेरिकी निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेथील वितरण चार तारांचे असून एककला भार तार व उदासीन यांमध्ये जोडलेले असतात. निरोगी अवस्थेतही असंतुलित प्रवाह वाहत असल्याने भूदोष अभिचालित्र संवेदनशील ठेवता येत नाही. आपल्याकडील ११ किलोव्होल्टचे जाल मुख्यत्वे तीन तारांचे आहे व रोहित्रांची वरची वेटोळी त्रिकोणी जोडणीची आहेत. त्यामुळे निरोगी फीडरवर तिन्ही प्रवाहांची बेरीज जवळजवळ शून्य असते. तीन तारांना मिळून एकच वलयाकार प्रवाहरोहित्र बसविले, तर काही थोड्या अँपिअरचा भूदोषही ओळखता येतो. म्हणजे महागड्या तरंगविश्लेषणाआधीची एक स्वस्त पायरी वऱ्हाडच्या फीडरांना उपलब्ध आहे. अडचण तंत्राची कमी व कारभाराची जास्त आहे. संवेदनशील अभिचालित्र पावसाळ्यात फांदी घासली तरी फीडर पाडते, गावे अंधारात जातात, तक्रारी येतात, आणि उपकेंद्रातील कर्मचारी त्याचे मूल्य वाढवून ठेवतो.

रोहित्रे : नियमानुसार १,००० केव्हीए व त्यावरील रोहित्रांना वायुअभिचालित्र आवश्यक आहे. उपकेंद्रातील मोठ्या रोहित्रांच्या तेलात विरघळलेल्या वायूंचीही तपासणी होते. या तपासणीत ॲसिटिलीन आढळणे ही आत प्रज्योत होऊन गेल्याची जवळजवळ निश्चित खूण मानतात, कारण साध्या तापण्याने तो वायू फारसा निर्माण होत नाही. क्वीबेकमधील मिशेल द्यूव्हाल यांनी मिथेन, एथिलीन व ॲसिटिलीन यांच्या प्रमाणावरून दोषाचा प्रकार सांगणारा त्रिकोण १९७४ च्या सुमारास सुचविला व तो जगभर वापरला जातो.

गावातल्या ‘डीपी’वरचे रोहित्र मात्र या सर्व उपायांच्या कक्षेबाहेर राहिले. १०० केव्हीए रोहित्राचा ११ किलोव्होल्टकडील पूर्ण भाराचा प्रवाह जेमतेम सव्वापाच अँपिअर असतो; त्याच्या वेटोळ्यातील प्रारंभीच्या प्रज्योतीने तो किंचितच वाढतो. त्याचे रक्षण वरच्या बाजूस गळून पडणाऱ्या वितळतारेने, ज्याला लाइनमन ‘डीओ’ म्हणतात, आणि खालच्या बाजूस पेटीतील वितळतारांनी व्हावयाचे असते. या पेटीची दारे नसणे व वितळतारेच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचा जाड पदर गुंडाळलेला असणे हे दृश्य परिचयाचे आहे. त्याबद्दल शेतकऱ्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु अनेक वर्षे कृषिपंपांचा पुरवठा पाळीने, आठवड्याचे काही दिवस रात्रीच मिळत आला. ओलिताची पाळी चुकली तर संत्र्याचा बहर किंवा हरभरा हातचा जातो. रात्री दोन वाजता वितळतार गेली आणि लाइनमन तीन गावांपलीकडे असला, तर मनुष्य जे हाताशी असेल ते लावतो. त्यानंतर त्या मंडलातील प्रज्योत थांबविणारे काहीच उरत नाही. सैल जोडाशी ती जळत राहते, तेल तापते व कधी रोहित्रच पेट घेते.

स्विचगिअर : उपकेंद्रातील ११ किलोव्होल्टच्या पोलादी पेट्यांत प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा असतो. येथे प्रवाह हजारो अँपिअर असल्याने दोष दिसतो. पण उपाय उशिरा होतो. फीडरवरील दोष फीडरच्याच खंडकाने तोडावा यासाठी वरच्या खंडकास सेकंदाचा काही अंश थांबण्यास सांगितलेले असते. बसबारवर पाल, उंदीर किंवा साप शिरून प्रज्योत पेटली, तर तेवढ्या अवधीत तांबे वाफ होते, हवा स्फोटासारखी प्रसरण पावते व पेटीचे दार समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर येते. अमेरिकेतील राल्फ ली यांनी १९८२ मध्ये प्रज्योतीपासून किती अंतरावर त्वचा भाजेल याचे गणित प्रसिद्ध केले. तोवर विजेचा धोका म्हणजे धक्का, असाच समज होता.

यावरील उपाय उत्तर युरोपात १९८० नंतर प्रचारात आला. पेटीत प्रकाशाचे अभिज्ञातक किंवा प्रकाशीय तंतूचे वेटोळे बसवितात. प्रज्योतीचा लखलखाट काही मिलिसेकंदांत ओळखला जातो व प्रवाहही वाढलेला असल्यास कसलीही वाट न पाहता मुख्य खंडक उघडण्याची आज्ञा जाते. दार उघडताना ऊन आत आले किंवा छायाचित्राचा दिवा चमकला तर पुरवठा बंद पडू नये म्हणून प्रकाश व प्रवाह या दोन्ही साक्षी लागतात. खंडकाला स्वतः उघडण्यास ६० ते १०० मिलिसेकंद लागतात, एरवीच्या निम्म्या सेकंदाच्या मानाने हे फारच थोडे. आंतरराष्ट्रीय मानकाने २००३ मध्ये अशा पेट्यांचे अंतर्गत प्रज्योत सहन करण्याच्या क्षमतेनुसार वर्ग ठरविले. प्रज्योत पेटण्यापूर्वीची कुजबुज, म्हणजे निरोधनातील आंशिक विसर्जने, श्राव्यातीत ध्वनीने ऐकण्याची साधनेही आहेत. तापलेले जोड अवरक्त कॅमेऱ्याने दिसतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मात्र ही पाहणी भर दुपारी केल्यास उन्हाने तापलेला प्रत्येक नट संशयित ठरतो, म्हणून ती सूर्यास्तानंतर, पंपांचा भार असताना करणे बरे.

कापूस, इमारती व आगीचा तपास : कमी दाबाच्या मंडलात सैल जोडातील प्रज्योतीचा प्रवाह भाराच्या प्रवाहापेक्षा कधीच जास्त नसतो. म्हणून तेथील वितळतार किंवा एमसीबी पूर्णपणे निरोगी असूनही आग लागू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या १९९९ च्या आवृत्तीने शयनगृहांच्या मंडलांसाठी प्रज्योत ओळखणारे खंडक २००२ पासून सक्तीचे केले. वऱ्हाडात या प्रश्नाची धार सर्वाधिक आहे ती जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत. हंगामात हवेत तंतू तरंगत असतात व ते मोटारीच्या जोडपेटीत, स्विचच्या फटींत साठतात. तेथील एक ठिणगी रुईत शिरली तर ती लगेच भडकत नाही. गाठीत दाबली गेल्यावर ती आतल्या आत धुमसते व आग काही दिवसांनी गोदामात प्रकटते.

मात्र प्रत्येक आगीच्या पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ लिहिण्याची रीत तपासाला मारक ठरते. रेच्यात खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला तरी ठिणगी पडते. शिवाय आगीत वायरचे निरोधन जळाल्यावर तारा एकमेकींस लागून नव्याने प्रज्योत होते व तांब्याच्या टोकाशी गोल मणी तयार होतो. हा मणी आगीचे कारणही असू शकतो आणि परिणामही. पुरवठ्याच्या उगमापासून सर्वांत दूर कोणत्या ठिकाणी मणी आहेत, कोणत्या मंडलाचा खंडक आधी उघडला, हे जागेवरच नोंदल्याशिवाय निवाडा होत नाही. विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत् अपघातांची सूचना व चौकशी बंधनकारक आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी विदर्भातीलच भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा अर्भके दगावली आणि प्राथमिक चौकशीत विद्युत् दोषाकडे बोट दाखविले गेले. तेव्हापासून रुग्णालयांच्या विद्युत् तपासणीचा आग्रह वाढला. जोड घट्ट आहेत की नाहीत हे कागदावरील तपासणीने कळत नाही. त्यासाठी पेटी उघडून पाना लावावा लागतो.

सांप्रत स्थिती : २०१८ पासून महाराष्ट्रात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली राबविण्यात आली. एकदोन पंपांना मिळून एक लहान रोहित्र दिल्याने कमी दाबाच्या लांब तारा, आकडे व जळणारी रोहित्रे कमी होतात. परंतु ११ किलोव्होल्टच्या तारा थेट विहिरीपर्यंत येतात व पडलेल्या तारेचा प्रश्न अधिक निकडीचा होतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली व त्यांतील सर्वांत भीषण आगीचा उगम तुटलेल्या तारेत सापडला. त्यानंतर तेथे पेटर्सन वेटोळ्याचीच सुधारलेली आवृत्ती वापरून पडलेल्या तारेवरील दाब सेकंदाच्या अंशात उतरविण्याची सक्ती झाली. वऱ्हाडात ही योजना आणावयाची, तर एक अडथळा आहे. आपल्याकडे उपकेंद्रातील उदासीन बिंदू थेट जमिनीस जोडलेला असतो. तो वेटोळ्यामार्फत जोडल्यास एका तारेच्या दोषात उरलेल्या दोन तारांवर नेहमीच्या १.७३ पट दाब चढतो, आणि जुने तडकलेले चिनी मातीचे निरोधक दुसऱ्याच ठिकाणी फुटण्याची शक्यता वाढते. म्हणजे आधी निरोधक बदलावे लागतील.

तोवर तार पडल्याची वार्ता बहुधा दूरध्वनीवरूनच उपकेंद्रात येते. वादळात फीडर आपोआप बंद पडल्यास तो एकदोनदा ‘चार्ज करून पाहण्याची’ प्रथा आहे; फांदी क्षणभर लागून गेली असेल तर तिने काम भागते. तार जमिनीवर असेल तर याच प्रथेने ती पुन्हा जिवंत होते, आणि कोरड्या मातीवर ती इतका थोडा प्रवाह घेते की दुसऱ्या खेपेस फीडर टिकून राहतो व चालकाला दोष निघाल्यासारखे वाटते. म्हणून मे-जूनच्या वादळानंतर भूदोषाने पडलेला फीडर तारमार्गाची गस्त झाल्याशिवाय चालू न करणे, व गस्त पुरी होईतो त्या फीडरवरील गावांना तसे कळविणे, ही खबरदारी अभिचालित्र कोणतेही असले तरी घ्यावी लागते.